‘लाल कुल्हाडी’चा दुसरा भाग

वरोऱ्याला आमच्या घरामागे, रेल्वेची हद्द संपते तिथे, मोहाचं एक झाड आहे. एकटंच. मार्चच्या अखेरीला ते पानं टाकतं, आणि मग एखाद्या सकाळी मी मागचं दार उघडतो तर फुलांचा वास घरात शिरतो. कुणाला त्या वासाने दारू आठवते, कुणाला आजोळ आठवतं. मला साखरेचा पाक आठवतो. लाल रंग घातलेला, चिमूटभर कॉफी घातलेला, बोटांना चिकटणारा पाक. यंदाही तसंच झालं. बायको म्हणाली, “दारात काऊन उभे राह्यले? चहा थंडा होऊन राह्यला.” मी आत आलो, पण तो वास काही मागे राहिला नाही.

तेव्हा मी सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात चित्रकलेचा मास्तर होतो. गावाच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला साग, ऐन, मोह आणि बांबू. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरून तिथली नाटकं सुरू झाली की नटांचे चेहरे मीच रंगवायचो. राजा, राक्षस, म्हातारी, फौजदार, सगळे माझ्या एका पत्र्याच्या पेटीतून निघत. त्यामुळे त्या वर्षी मोह पडायला लागला आणि नागपूरहून दोन जीपगाड्या गावात आल्या, तेव्हा लोकांनी त्यांना थेट माझ्या खोलीचा रस्ता दाखवला.

‘लाल कुल्हाडी’ नावाच्या हिंदी सिनेमाचा दुसरा भाग काढायचा होता. असे सिनेमे टॉकीजला लागत नसत. ते सरळ सीडीवर निघत आणि तालुक्याच्या बसस्टँडजवळच्या दुकानांत देवाच्या आरत्यांशेजारी टांगलेले दिसत. पहिला भाग आमच्या अर्ध्या गावाने पाहिलेला होता. तोंडावर पोतं बांधलेला एक माणूस कुऱ्हाडीने एकेकाला मारत सुटतो, आणि शेवटी गावकरी त्याला झोपडीत कोंडून जाळतात, एवढीच गोष्ट. म्हणून पहिल्याच दिवशी दिग्दर्शक मनीषभाऊ पारावर चहा पीत बसले होते, तेव्हा आमचा म्हातारा कोतवाल सोमाजी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“पयल्या भागात त हा जयून मेला होता ना जी? मंग वापस कसा आला?”

मनीषभाऊ तिशीतले, उन्हाने नाक सोललेले, सरळ मनाचे होते. “लोकांना पाहिजे होता,” ते म्हणाले. “म्हणून आला.”

सोमाजीचं समाधान झालं. त्याने मान डोलावली आणि तो निघून गेला. मी मात्र कप हातात धरून तसाच बसलो. इतकी सोपी गोष्ट मी तोवर कधी ऐकली नव्हती.

कारण त्याच्या तीन वर्षं आधी, ह्याच दिवसांत, गावातला केवळराम मोह वेचायला गेला आणि परत आला नव्हता. पहाटे टोपली घेऊन निघालेला माणूस ऊन चढलं तरी दिसेना, म्हणून आम्ही दहा-बारा जण डबे वाजवत जंगलात शिरलो. मी पुढच्यांत होतो. वाघाने त्याला नाल्याच्या अंगाला ओढत नेलं होतं. आम्ही काय पाहिलं ते गावात कुणाला सांगितलं नाही. पंचनामा झाला, त्याला तालुक्याला नेलं, आणि दिवस कलताना पांढऱ्या कापडात घट्ट बांधून परत आणलं. त्याची बायको शेवंताबाई धावत आली. ती कापडाला हात घालणार तेवढ्यात मी तिची दोन्ही मनगटं धरली.

“नका पाहू, बाई,” मी म्हणालो. “पाहवणार नाई तुमच्यानं.”

तिने हिसका दिला नाही. तिचे हात माझ्या हातांत एकदम सैल पडले. मास्तर सांगतो म्हणजे तसंच असेल, असं तिला वाटलं असावं. त्या सैल पडलेल्या हातांचं वजन मला आजही सांगता येईल.

तर, रक्त. सिनेमावाल्यांनी आणलेलं रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत होतं. मी ते बशीत ओतून पाहिलं आणि म्हणालो, “हे रक्त नाही.” मनीषभाऊ म्हणाले, “मग कसं असतं, मास्तर?” आणि मला कळलं की मला ते माहीत आहे. सागाच्या वाळक्या पानावर ते कसं बसतं, कडेला कसं काळं पडतं, मधोमध किती वेळ चमकत राहतं, हे सगळं माझ्या डोळ्यांत होतं, आणि मी त्याच्याकडे तीन वर्षं वळून पाहिलं नव्हतं. दोन दिवस मी स्टोव्हपुढे बसलो. साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग, दाटपणाला मैदा, काळसर छटेला कॉफी, आणि अगदी शेवटी निळ्या रंगाचा एक थेंब. तिसऱ्या दिवशी मी अंगणातलं सागाचं पान उचललं, त्यावर चमचाभर ओतलं आणि पाहत राहिलो. माझ्याच हाताने ओतलेलं, चव घेतली तर गोड लागणारं, आणि तरीही मला ते पान हातात धरवेना. मी हातपंपावर गेलो आणि कोपरापर्यंत हात धुतले. डोळ्यांनी एकदाच पाहिलेलं हातांना इतकं नेमकं कसं येतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. आयुष्यभर मुलांना घडा, कमळ, डोंगरामागचा सूर्य शिकवला. पण माझ्या हातून उतरलेलं सगळ्यात खरं चित्र म्हणाल तर ते.

सिनेमात एका मुलीचा बळी जायचा होता. ती सरपण घेऊन येते, जंगल खात्याच्या पडक्या नाक्याच्या दारात मोळी टाकून वळते, आणि पोतंवाला समोर उभा. ह्या कामासाठी आणलेल्या नटीच्या अंगावर उन्हाने पुरळ उठलं आणि ती दुसऱ्याच दिवशी नागपूरला परतली. शूटिंग बघायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात केवळरामची लेक ललिता होती. वीस वर्षांची, उंच, डोक्यावर मोळी असली तरी मान न हलवता चालणारी. मनीषभाऊंनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “आईले विचारा.”

आम्ही दोघं शेवंताबाईकडे गेलो. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

“मराचं म्हंजे काय करा लागते तिले?” तिने विचारलं.

“काही नाही बाई. पडून राहायचं,” मनीषभाऊ म्हणाले.

“तिच्या अंगाले हात कोन लावन?”

“रंग लावायला फक्त मास्तर.”

शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, संशय नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. “मास्तर असन त होऊ द्या,” ती म्हणाली आणि फुलं पसरत राहिली.

त्या दुपारी मी पहिल्यांदा दिवसाची रात्र होताना पाहिली. दोन वाजले होते, पायाखालचा मुरूम तापला होता. कॅमेऱ्यावर एक निळी काच चढवली, आणि मनीषभाऊ म्हणाले, “मास्तर, या, बघा.” मी डोळा लावला. आत चांदणं होतं. झाडांच्या सावल्या गार, काळ्या पडलेल्या. नाक्याची भिंत चंद्राने धुतल्यासारखी. आणि त्यातून ललिता मोळी घेऊन येत होती, जणू ह्या जगात तिच्याशिवाय जागं कुणी नाही. डोळा काढला की ऊन, घाम, आंब्याच्या फोडी विकणारी बाई. डोळा लावला की रात्र. मी दोन-तीनदा लहान मुलासारखं केलं. एवढ्याशा काचेने सूर्याचा चंद्र होतो, हे पाहून माझे हात जोडायचेच बाकी राहिले होते.

पोतंवाल्याचं काम करणारा माणूस गरीब स्वभावाचा होता. पोत्याला डोळ्यांची भोकं नीट पडली नव्हती, त्यामुळे त्याला काही दिसत नसे. तालमीत तो दोनदा भिंतीवर आदळला. शेवटी ललितानेच त्याला वाट दाखवायला सुरुवात केली. ओठ न हलवता, बारीक आवाजात ती म्हणायची, “भाऊ, दोन पावलं समोर. थोडं उजवीकडं. हां, आता उचला.” आणि तो बिचारा तिच्या सांगण्याप्रमाणे येऊन तिच्यावर कुऱ्हाड उचलायचा. कुऱ्हाड लाकडाची, पात्याला चंदेरी रंग मी दिलेला. गावकरी पोट धरून हसत होते.

मग खरी वेळ आली. ललिताच्या पदराखालून सलाइनची नळी काढली होती, तिचं दुसरं टोक फवारणीच्या पंपाला. पंप माझ्या हातात. कुऱ्हाड खाली आली, मी दाबलं, आणि तो पाक ललिताच्या गळ्यातून कमानीसारखा वर उडाला, उन्हात एकदा चमकला आणि वाळक्या पानांवर पडला. टप टप टप. ललिता गुडघ्यांवर आली, मग कुशीवर, मग थांबली.

हसणं कुठे गेलं ते कळलं नाही. सोमाजीने डोक्याचा दुपट्टा काढून तोंडावर धरला. एक बाई पाठ फिरवून गावाकडे चालायला लागली, तिच्यामागे दुसरी. ह्या गावाला सिनेमा कळत होता, पोतंवाला खोटा आहे हेही कळत होतं. पण वाघाने मारलेली ढोरं पाहिलेल्या त्यांच्या डोळ्यांना वाळक्या पानांवरचा तो लाल रंग ओळखीचा होता. मी पंप हातात धरून उभा होतो, आणि आपण काय करून बसलो ह्याची भीती आणि आपल्याला हे जमलं ह्याचं नवल, दोन्ही माझ्या अंगावर एकाच वेळी काटा आणत होती.

ललिताला दुपारभर तसंच पडून राहायचं होतं. वेगवेगळ्या बाजूंनी कॅमेरा लावत होते. साखरच ती, अर्ध्या तासात लाल मुंग्या आल्या. आधी एक ओळ, मग थवा. गळ्यावर, कानामागे, केसांत. मी मनीषभाऊंना म्हणालो, “थांबवा.” ते म्हणाले, “ती हलली तर थांबवू.” ती हलली नाही. पापणीही नाही. मी चाळीसेक वर्षं नट-नट्या पाहिल्या आहेत. अंगावर मुंग्यांचं मोहोळ उठलेलं असताना असं मेलेलं कुणी पाहिलं नाही.

झाल्यावर मी बादलीभर पाणी तिच्या मानेवर ओतलं. कातडी गांधीलमाशी चावल्यासारखी सुजली होती. “काऊन नाई हललीस वं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

ती ओल्या केसांतून मुंग्या वेचत म्हणाली, “बाबाले बी चावल्या असन ना मुंग्या. ते बी नसन हलले.”

मी बादली खाली ठेवली.

ललिता आता घुग्घुसला असते. नवरा कोळसा खाणीत शिफ्टला जातो, दोन लेकी शिकतात. मोह पडायला लागला की तिचा फोन येतो, आणि दर वेळी ती एकदा तरी म्हणते, “मास्तर, इथल्या बायका पतवतच नाई, खरंच नाई मानत, का मी पिच्चरमधी होतो म्हून.” आमच्याकडच्या बायकाही स्वतःबद्दल ‘होतो’च म्हणतात. ती सीडी माझ्या कपाटात आहे. ती चालवायचं यंत्र आता घरात नाही, आणि कुणाकडे असलं तरी मी मागितलेलं नाही.

त्या वर्षी रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली आणि सीडी आली. एका पाकिटात दोन तबकड्या. वर नागपूरला परत गेलेल्या नटीचाच फोटो छापला होता, कुऱ्हाडीचं पातं मात्र मी रंगवलेलं. गावात रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना घोंगड्या लावून सिनेमा दाखवला. बाहेर रिपरिप पाऊस, आत कुबट ओलाव्यात दाटीवाटीने बसलेली माणसं. आपलं जंगल, आपला नाला, आपला पडका नाका पडद्यावर आला की लोक ओरडायचे, “तो पाहा, तो पाहा!” रोज ज्या वाटेने ढोरं जातात ती वाट निळ्या चांदण्यात इतकी भयंकर आणि इतकी सुंदर असू शकते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या तबकडीत ललिता मेली. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या ललिताला हसू फुटलं, आणि सगळं समाजमंदिर वळलं. बायका तिचे गाल, खांदे चाचपायला लागल्या. सोमाजी काठी टेकत उठला, तिच्याजवळ गेला आणि तिचा गळा बोटांनी नीट तपासून पाहिला. “हाये व, साबूत हाये पोरगी,” त्याने सगळ्यांना सांगितलं.

शेवंताबाई आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची सुट्टी होती. सकाळी दहाच्या सुमारास ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, मागे ललिता. पावसाने पदर ओला, पाय चिखलाचे. “मास्तर,” ती म्हणाली, “मले दाखवा.”

“बाई, त्यात पाहण्यासारखं काई नाई,” मी म्हणालो.

“तुमी एकदा नोका पाहू म्हनलं, मी नाई पायलं. आता दाखवा.”

मी खोलीतल्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रात दुसरी तबकडी लावली. त्या दोघी चटईवर बसल्या. शेवंताबाईने ललिताचं मनगट हातात घेतलं होतं, नाडी पाहतात तसं. मोळी आली, पडली, ललिता वळली, पोतंवाला पुढे झाला. कमान उडाली. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, मी तिच्याकडे पाहत होतो. तिचे डोळे मिटले नाहीत. पडद्यावरची लेक गुडघ्यांवर आली, कुशीवर पडली, आणि तिच्या गळ्याखालून ते सावकाश पानांत पसरत गेलं. मुंग्या दिसल्या. शेवंताबाईच्या बोटांनी मनगट घट्ट आवळलं, पण तिने मान वळवली नाही. गाभाऱ्यात बघावं तशी ती बघत होती.

“थांबवा,” ती म्हणाली. मी थांबवलं. पडद्यावरचं चित्र थरथरत राहिलं.

“असंच होतं काय त्यायचं?”

प्रश्न ह्या खोलीत कधीतरी येणारच होता. “नाई, बाई,” मी म्हणालो. “मानेले मागून धरलं होतं. रक्त होतं, पन एवढं नाई. पायाचं नोका विचारू.”

“अन् चेहरा?”

खोटं बोलता आलं असतं. “चेहऱ्याले काई झालं नव्हतं.”

पावसाचा आवाज येत होता. ललिताने माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

“मंग माहे हात काऊन धरले तुमी?”

“मी भ्यालो होतो, बाई. तुमच्यासाठी नाई. मीच भ्यालो होतो.”

ती रागावली नाही. तिच्या मनात काही दुसरंच चाललं होतं. तिने विचारलं, “डोये उघडे होते का मिटून?”

“मिटून.”

“अन् तोंड?”

मी आठवलं. आठवायला काही शोधावं लागलं नाही. “थोडंसं उघडं होतं. झोपेत राहते तसं.”

तिने एकदम श्वास घेतला, खूप वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसासारखा. “मंग तोच होता,” ती म्हणाली. “झोपला का तोंड उघडं राहे त्याचं. मी रोज हनुवटीले हात लावून मिटवत होतो.” मग लेकीकडे वळून, तिला समजावून सांगावं तशी, “तीन वर्सं मले वाटे, बांधलेल्या कापडात दुसराच कोनी असन. अन् हा कुठीतरी रस्ता चुकला असन. मी वाट पाहून राह्यलो होतो वं.”

ललिता तिला बिलगली. मी खिडकीकडे तोंड केलं. एका बाईला मी तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यापासून वाचवलं असं समजत होतो, आणि तिला तीन वर्षं त्याच्या मरणाबाहेर उभं करून ठेवलं होतं.

पदराने डोळे पुसून शेवंताबाईने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिथे ललिता अजून पडलेलीच होती.

“आता हिले उठवा,” ती म्हणाली.

मला कळेना. “बाई, ते चित्र आहे...”

“मास्तर,” ललिता हळूच म्हणाली, “मागं घ्या ना.”

मी बटण दाबलं. चित्र झटके देत उलटं चालू लागलं. मुंग्या एकेक करून उतरल्या आणि गवतात गेल्या. पानांवरचं रक्त गोळा झालं, हवेत उठलं, कमान होऊन मागे फिरलं आणि ललिताच्या गळ्यात शिरलं, आणि गळा मिटला. ललिता कुशीवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पायांवर आली. कुऱ्हाड तिच्यापासून लांब गेली. पोतंवाला पाठीमागे पाठीमागे चालत झाडांत विरून गेला. जमिनीवरची मोळी उडून तिच्या डोक्यावर बसली.

मी तो पंप स्वतः दाबला होता. ते रक्त माझ्या स्टोव्हवर उकळलं होतं. तरी मी पडद्याजवळ सरकलो होतो. ललितानेही, जी त्या पानांवर स्वतः पडली होती, तोंडावर हात धरला होता.

“थांबवा,” शेवंताबाई म्हणाली.

ललिता नाक्याच्या दारापुढे उभी होती. सबंध, ताठ, डोक्यावर मोळी, निळ्या उजेडात. शेवंताबाई उठली, पडद्याजवळ गेली आणि लेकीच्या चेहऱ्यावर हात ठेवला. काच चरचरली. तिने हात मागे घेतला, तळव्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच थोडीशी हसली.

“बस झालं,” ती म्हणाली. “चाल वं ललिते. सण हाये, बैलाले आंघोय घालाची हाये.”

त्या दोघी पावसात गेल्या. आई पुढे, लेक मागे. गल्लीच्या टोकाशी आईने थांबून ललिताला पुढे घेतलं, आणि मग ती लेकीच्या मागून चालू लागली.